दुधाळ पूल नितळ करताना

खोल टोकाच्या तळावरची ड्रेनची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल, तर पोहण्याचा पूल त्याच क्षणी बंद करायचा. पाण्यात उतरायला बंदी, गेटला कुलूप आणि तशी पाटी. गढूळ पाण्यात बुडालेलं मूल चार-पाच फुटांवर उभ्या असलेल्या जीवरक्षकालाही दिसत नाही. शिवाय गढूळपणाच्या कणांआड जंतू क्लोरीनपासून लपून राहतात. पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका गृहसंस्थेत मार्चअखेरीस, शाळांच्या सुट्ट्या तोंडावर असताना, पूल असाच बंद करावा लागला. रंगपंचमी नुकतीच होऊन गेली होती, म्हणून सगळ्यांचा संशय रंगांवर होता. रंगांचा वाटा किरकोळ निघाला. खरी गडबड बरीच आधीपासूनची होती, आणि ती पाण्यात कमी, पंपाच्या खोलीत जास्त होती.

आधी पुलाचं माप. १५ मीटर लांब, ७ मीटर रुंद, उथळ टोकाला ०.९ मीटर आणि खोल टोकाला १.५ मीटर. सरासरी खोली १.२ धरली तर १२६ घनमीटर, म्हणजे १ लाख २६ हजार लिटर पाणी. हा आकडा पंपघराच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवावा. पुढचा प्रत्येक डोस त्यावरच ठरतो आणि हिशेब सोपा आहे: १ पीपीएम म्हणजे हजार लिटरला एक ग्रॅम. या पुलात कुठलीही गोष्ट १ पीपीएमने वाढवायची तर तिचा शुद्ध अंश १२६ ग्रॅम लागतो. पृष्ठभाग १०५ चौरस मीटर, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की १,०५० लिटर पाणी गेलं. हा दुसरा आकडाही पुढे फार कामाला आला.

मग दोन काचेचे ग्लास. दोन्हींत पुलातलं पाणी भरून काळ्या कापडासमोर ठेवलं. एका ग्लासात ड्रॉपरने हायड्रोक्लोरिक ॲसिडचे चार थेंब टाकून हलवलं. त्यातला पांढुरकेपणा अर्ध्याहून अधिक उतरला, बारीक बुडबुडे आले, पण पाणी पूर्ण निवळलं नाही. राखाडी धूसरपणा तसाच राहिला. या साध्या चाचणीने निम्मं निदान होतं. ॲसिडने जो भाग विरघळला तो चुना, म्हणजे पाण्यातून बाहेर पडलेला कॅल्शियम कार्बोनेट. जो राहिला तो मेलेलं शेवाळ, धूळ, अंगाचं आणि केसांचं तेल. पाणी पूर्ण निवळलं असतं तर केवळ पीएच सुधारून भागलं असतं. काहीच फरक पडला नसता तर चुन्याचा विचार सोडून क्लोरीन आणि गाळणी यांच्याच मागे लागलो असतो. इथे दोन्ही रोग एकत्र होते.

चाचणी-संचाचे आकडे असे आले: पीएच ८.२, अल्कलिनिटी (ॲसिड पचवून पीएच टिकवण्याची पाण्याची ताकद) १९०, कॅल्शियमची कठीणता ५२०, मोकळा (जंतू मारायला शिल्लक असलेला) क्लोरीन १.५, बांधलेला (मळाशी जोडला जाऊन निकामी झालेला) क्लोरीन ०.८, आणि सायन्युरिक ॲसिड, ज्याला सगळे स्टॅबिलायझर म्हणतात, ते जवळपास १००. पीएच सोडून सगळे आकडे पीपीएममध्ये. पट्ट्यांवर स्टॅबिलायझर विश्वासाने मोजता येत नाही. त्यासाठी काळ्या ठिपक्याची नळीच हवी: नमुना आणि द्रावण मिसळल्यावर ते धूसर होतं, नळीत भरत जायचं आणि तळाचा ठिपका जिथे दिसेनासा होतो तो आकडा. नळी १०० वर संपते. तिथेच थांबल्यासारखं वाटलं तर नमुन्यात तेवढंच नळाचं पाणी मिसळून पुन्हा मोजायचं आणि उत्तर दुप्पट करायचं.

हे १०० आलं कुठून? पंपघरात ट्रायक्लोर गोळ्यांचा अर्धा रिकामा ड्रम होता. ट्रायक्लोर सोयीची असते, तरंगत्या डब्यात टाकली की आठवडा निघतो. पण तिच्यातून क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिडही येतं. १ पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ०.६ पीपीएम. क्लोरीन वापरला जातो, उन्हाने उडतो. सायन्युरिक ॲसिड उडत नाही, गाळलंही जात नाही. या पुलात २३-२४ किलो गोळ्या विरघळल्या की स्टॅबिलायझर शंभरावर पोचतं. थोडं असलं तर ते उन्हापासून क्लोरीनचं रक्षण करतं, म्हणून ३० ते ५० हवंच. शंभरावर मात्र ते क्लोरीनला इतकं धरून ठेवतं की चाचणीत १.५ दिसतो आणि शेवाळ आरामात वाढतं. पाणी हिरवं व्हायच्या आधी असंच मंद, निस्तेज होतं. आकडा बरोबर आहे असं म्हणून लोक तुरटी ओततात.

दुसरा धागा देखभाल करणाऱ्या माणसाच्या बोलण्यातून मिळाला. "दादा, पाणी खराब दिसलं की रात्री दोन किलो ब्लिचिंग मारतो," तो म्हणाला. ब्लिचिंग पावडरमध्ये उपलब्ध क्लोरीन साधारण ३० टक्के, बाकी बराच भाग चुना. कोरडी पावडर थेट पाण्यात उधळली की तो चुना पुलातच जातो, पीएच चढतो, आणि टँकरच्या आधीच कठीण असलेल्या पाण्यातून कॅल्शियम कार्बोनेट पांढरं होऊन बाहेर पडतं. ब्लिचिंगशिवाय पर्यायच नसेल तर ती बादलीत कालवून दोन-तीन तास ठेवायची, वरचं निवळ पाणी पुलात ओतायचं आणि खालचा साका बाहेर टाकायचा. पण आता बहुतेक शहरांत द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट कॅनमध्ये मिळतं, तेव्हा पुलासाठी ब्लिचिंगचा आग्रह धरू नये. हायपो ताजं घ्यावं आणि सावलीत ठेवावं. १० टक्क्यांचं हायपो उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली पडून राहिलं तर काही आठवड्यांतच त्याचा जोर बराच उतरतो आणि डोसचा हिशेब चुकतो.

पंपघरात

पाण्याला हात लावण्याआधी गाळणी तपासली. गाळणी नादुरुस्त असताना औषध टाकणं म्हणजे कचरा मारून तो पाण्यातच ठेवणं.

पहिली गोष्ट प्रेशर गेज. पंप बंद असतानाही काटा ०.४ वर होता. असा अडकलेला गेज दोन वर्षं तसाच असू शकतो, कारण काटा कुठेतरी दिसतो म्हणून कुणाला शंका येत नाही. नवा गेज बसवल्यावर पंप चालू असताना प्रत्यक्ष दाब जेमतेम ०.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर निघाला. कमी दाब म्हणजे गाळणी स्वच्छ, असा समज करून घेऊ नये. पंपापर्यंत पाणीच कमी येत असेल किंवा वाळूत भगदाड पडून पाणी न गाळता निघून जात असेल, तरी दाब कमीच दिसतो. इथे दोन्ही होतं.

प्रवाह मोजायला मीटर नव्हता. मग पुलाच्या भिंतीला स्टीलची पट्टी चिकटवली, पाणी शांत झाल्यावर पातळी वाचली, पाच मिनिटं बॅकवॉश (गाळणीतून पाणी उलट सोडून मळासकट बाहेर टाकणं) चालवला आणि पुन्हा शांत झाल्यावर वाचली. पातळी १२ मिलिमीटर उतरली. म्हणजे पाच मिनिटांत १,२६० लिटर, तासाला सुमारे १५ घनमीटर. हा आकडा तंतोतंत नसतो, पण निर्णय घ्यायला पुरतो.

आता त्याचा अर्थ. १५ घनमीटरने सगळं पाणी एकदा फिरायला साडेआठ तास लागतात. पंप चालत होता रोज सहा तास. म्हणजे दिवसाकाठी एक फेरीसुद्धा पुरी होत नव्हती. आणि एक फेरी म्हणजे सगळं पाणी गाळलं गेलं असं नसतं, कारण गाळलेलं पाणी न गाळलेल्यात मिसळत राहतं. एका फेरीत जेमतेम ६३ टक्के पाणी गाळणीतून जातं, दोन फेऱ्यांत ८६, तीनमध्ये ९५, चारमध्ये ९८. वापरातल्या सोसायटीच्या पुलाला दिवसाला निदान दोन फेऱ्या हव्यात आणि सुट्टीच्या दिवसांत तीन-चार. वीज वाचवायला पंपाचे तास कापणं हे गढूळ पाण्याचं आम्हाला वारंवार दिसणारं कारण आहे. दोन अश्वशक्तीचा पंप बारा तास चालला तर वीस-बावीस युनिटं जातात. गढूळ पुलावर औषधं आणि टँकर यांचा खर्च त्याहून पुष्कळ होतो.

दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा. गाळणीची टाकी ९०० मिमी व्यासाची, म्हणजे वाळूचा पृष्ठभाग ०.६४ चौरस मीटर. १५ घनमीटर भागिले ०.६४, म्हणजे ताशी साधारण २४ मीटर वेग. गाळायला हा वेग उत्तम; हळू गाळलेलं पाणी जास्त स्वच्छ निघतं. पण बॅकवॉशला हा वेग अपुरा. वाळूचा थर उचलून सैल व्हायला ताशी ३५ ते ४० मीटर तरी हवेत, आणि पाणी कोमट असेल तर थोडे जास्तच, कारण कोमट पाणी पातळ असतं आणि वाळू कमी उचलतं. वेग कमी पडला की वाळू जागची हलत नाही, वरचा मळ तेवढा धुतला जातो आणि आतला मळ तेलाबरोबर घट्ट होत जातो.

मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी कुठल्या वाटेने जाईल ते दांड्याने ठरवणारा व्हॉल्व्ह, काढून टाकीत हात घातला तेव्हा हेच दिसलं. वाळू एका बाजूला खचलेली, भिंतीलगत मनगट जाईल एवढं भोक, आणि मूठभर वाळू बाहेर काढली तर तिच्यात लिंबाएवढी चिकट, करडी ढेकळं. बोटांनी चुरडली की हाताला तेलकट लागत होतं. खोबरेल तेल लावून थेट पाण्यात उतरणाऱ्यांची संख्या मोठी असलेल्या पुलांत अशी वाळू नेहमी सापडते. साबण लावून शॉवर घेतल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, हा नियम पाटीवर असतो. तो पाळला जातो की नाही हे गाळणी उघडली की कळतं.

मल्टिपोर्टच्या आतलं चाकाच्या आऱ्यांसारखं गास्केट दोन ठिकाणी चिरलेलं होतं. ते चिरलं की फिल्टरवर ठेवलेला व्हॉल्व्ह थोडं पाणी न गाळताच पुलाकडे पाठवतो आणि थोडं वेस्टच्या पाइपातून वाया जातं. फिल्टरवर चालू असताना वेस्टच्या तोंडाशी सतत धार किंवा थेंब दिसले तर हेच समजावं. बहुतेकदा कारण एकच असतं: पंप चालू असताना दांडा फिरवणं. दांडा फिरवायचा तो पंप बंद करून, गेज शून्यावर आल्यावरच. त्या खोलीत आम्ही दांड्यालाच पत्र्याची पट्टी बांधून तसं लिहून ठेवलं.

वाळू बदलली. सगळी जुनी वाळू हाताने, मगाने उपसावी लागते; घाईने फावडं मारलं की तळाचे लॅटरल, म्हणजे बारीक चिरा असलेले प्लॅस्टिकचे पाइप, तुटतात. एकेक लॅटरल हातात घेऊन फिरवून पाहिला. तडा गेलेला लॅटरल तसाच राहिला तर नवी वाळू रिटर्नच्या, म्हणजे गाळलेलं पाणी पुलात परत सोडणाऱ्या पाइपाच्या, तोंडातून पुलाच्या तळावर येऊन साचते. मधल्या उभ्या पाइपाचं तोंड चिकटपट्टीने बंद केलं, टाकी पाण्याने अर्धी भरली, आणि त्या पाण्यातूनच आधी खडी सोडली. पाण्याची गादी असली की खडीचा मार लॅटरलवर बसत नाही. खडी हाताने सपाट करून तिच्यावर ०.५ ते १ मिमीची धुतलेली सिलिका वाळू. या टाकीला साडेचारशे किलोच्या आसपास वाळू लागली. नेमकी मात्रा टाकीच्या पाटीवर असते आणि तीच पाळायची. टाकी गळ्यापर्यंत भरली तर बॅकवॉशला वाळू उचलायला जागाच उरत नाही आणि ती गटारात जाते. नदीची किंवा बांधकामाची वाळू चाळून वापरायचा मोह इथे होतो. तिच्यात माती आणि मऊ खडा असतो, दाणे सारखे नसतात आणि गाळणी पहिल्याच महिन्यात बसते. वाळूऐवजी काचेचे दाणे भरायची सूचना एका सभासदाने केली होती. काच वाईट नाही, हलकी असल्याने बॅकवॉशला पाणीही थोडं कमी लागतं. पण ताशी २४ मीटरच्या बॅकवॉशने काचही नीट धुतली गेली नसती, आणि तो पैसा पाइपावर घालणं शहाणपणाचं होतं.

पाइपाचं असं. पुलाकडून पंपाकडे येणारा सक्शनचा पाइप ६३ मिमीचा होता. ताशी २१ घनमीटर न्यायचे तर त्यातून पाणी सेकंदाला सव्वादोन मीटरपेक्षा जास्त वेगाने धावतं. सक्शनमध्ये दीड मीटरच्या पुढे गेलं की पंप पाण्यासाठी ताणतो, जोडांमधून हवा ओढतो. पंपाच्या जाळीच्या पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे फिरत होते, ते त्यामुळेच. ९० मिमीचा पाइप टाकल्यावर तोच वेग ११० सेंटिमीटरवर आला. झाकणाचं ओ-रिंग बदलून त्याला सिलिकॉन ग्रीस लावलं. तेलकट पेट्रोलियम जेली रबराला फुगवते, ती वापरू नये. नवा पंप निवडताना अश्वशक्ती विचारायची नाही, किती उंचीच्या दाबाला किती पाणी देतो हे विचारायचं. १२ मीटर हेडला ताशी २५ घनमीटर देणारा घेतला. बॅकवॉशला पूर्ण उघडा ठेवला की ताशी ३९ मीटर वेग मिळतो, आणि रोजच्या गाळणीला रिटर्नचा व्हॉल्व्ह थोडा दाबून तो २१ घनमीटरवर आणला. म्हणजे सहा तासांत एक फेरी.

पंप मोठा केला की तळाच्या ड्रेनकडे लक्ष द्यावंच लागतं. जाळी तुटकी असेल किंवा एकाच ड्रेनमधून सगळं पाणी ओढलं जात असेल तर मुलांचे केस किंवा हात अडकू शकतात. दोन ड्रेन, त्यांत पुरेसं अंतर, घट्ट बसलेल्या फुगीर जाळ्या, आणि तीन चतुर्थांश पाणी वरच्या स्किमरमधून, म्हणजे पृष्ठभागाचं पाणी ओढणाऱ्या तोंडांतून: अशी व्यवस्था करूनच पंप सुरू केला. तेल, पराग, धूळ पृष्ठभागावर असतात, म्हणून गाळणीच्या दृष्टीनेही वरून पाणी घेणंच योग्य. रिटर्नच्या तोंडातले फिरते गोळे थोडे खाली आणि सगळे एकाच दिशेला वळवले, जेणेकरून शिडीमागच्या कोपऱ्यात पाणी थांबून राहू नये. शेवाळ पहिल्यांदा तिथेच धरतं.

पाण्याची पाळी

स्टॅबिलायझर कमी करायला पाणी बदलण्याखेरीज व्यवहार्य उपाय नाही. शंभरावरून साठावर यायला ४० टक्के पाणी बदलावं लागलं, म्हणजे ५० हजार लिटर, पातळी ४८ सेंटिमीटर खाली. पूर्ण रिकामा मात्र करू नये. उन्हात कोरड्या पडलेल्या पुलाच्या टाइल्स सुटतात आणि जमिनीत पाणी वर असेल तर पुलाच्या तळावर खालून दाब येतो. काढलेलं पाणी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात सोडायचं तर त्याआधी क्लोरीन शून्यावर येऊ द्यावा, नाहीतर तिथले उपयोगी जिवाणू मरतात आणि आठवडाभर वास सुटतो. म्हणून हे काम जोराचा क्लोरीन देण्याच्या आधी केलं. त्याच क्रमाने केलं की टाकलेलं औषधही गटारात जात नाही.

दहा हजार लिटरचे पाच टँकर आले. बोअरचं पाणी, कठीणता ४२०, अल्कलिनिटी २२०. भरून झाल्यावर पुलाची अल्कलिनिटी २०० वर गेली. दख्खनच्या बेसाल्टमधल्या बोअरच्या पाण्याचा हा नेहमीचा स्वभाव आहे: कठीणता घालवता येत नाही, तेव्हा पीएच आणि अल्कलिनिटी खाली ठेवून चुना विरघळलेल्याच स्थितीत ठेवायचा. पुस्तकी पीएच ७.२ ते ७.६ मधला वरचा आकडा अशा पाण्याला चालत नाही. ७.३-७.४ धरावा आणि अल्कलिनिटी ९० ते १००.

या पुलात अल्कलिनिटी १० पीपीएमने उतरवायला बाजारातलं ३० टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड अडीच-पावणेतीन लिटर लागतं. २०० वरून १०० म्हणजे २५ ते २७ लिटर. ते एकदम नाही. एका वेळी दोन ते तीन लिटर, पंप चालू असताना, खोल टोकाच्या रिटर्नसमोर, बादलीभर पाण्यात मिसळून. बादलीत आधी पाणी, मग ॲसिड. दर डोसनंतर चार तास फिरू द्यायचं आणि पीएच मोजायचा. ७.१ च्या खाली जाऊ दिला नाही, कारण पंपातला धातू आणि टाइल्सच्या फटीतलं ग्राउट खाल्लं जातं. मग रिटर्नचे गोळे वर वळवून पृष्ठभागावर खळखळ केली की कार्बन डायऑक्साइड निघून पीएच आपोआप चढतो, अल्कलिनिटी मात्र खालीच राहते. पुन्हा ॲसिड. हे काही दिवस चाललं. दुसऱ्या-तिसऱ्या डोसनंतरच पांढरेपणा उतरून पाणी राखाडी दिसू लागलं. चुना विरघळला होता, उरलं ते मेलेलं आणि अर्धमेलं शेवाळ.

पीएच आधी उतरवण्याचं आणखी एक कारण. मोकळा क्लोरीन १० पीपीएमच्या वर गेला की पीएचची लाल-पिवळी चाचणी भलताच जांभळा रंग दाखवते आणि आकडा खोटा येतो. जोराचा क्लोरीन सुरू झाल्यावर पीएचला हात लावायचा नाही, म्हणून तो आधीच जागेवर हवा.

संध्याकाळी, ऊन उतरल्यावर हायपो. स्टॅबिलायझर ६० असताना शेवाळ मारायला त्याच्या ४० टक्के, म्हणजे २४ पीपीएम मोकळा क्लोरीन लागतो. १० टक्क्यांचं ताजं हायपो १.२६ लिटर टाकलं की १ पीपीएम चढतो, तेव्हा ३० लिटर. ॲसिड टाकल्यावर त्याच जागी, त्याच बादलीने हायपो टाकू नये. दोन्ही एकत्र आले की क्लोरीनचा विषारी वायू निघतो. ट्रायक्लोर गोळ्या आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट हेही एका डब्यात, एका मापाने कधीच हाताळू नयेत, पेट घेतात. मोजताना नेहमीची गुलाबी रंगाची चाचणी इतक्या क्लोरीनला फसवते: रंग येतो आणि लगेच पांढरा होतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं क्लोरीन शून्य आहे. नमुना एकास चार या प्रमाणात डिस्टिल्ड पाण्याने पातळ करून मोजायचा आणि उत्तराला पाचाने गुणायचं.

पंप अहोरात्र. भिंती आणि तळ रोज ब्रशने घासलेले, शिडीच्या मागे आणि दिव्यांच्या चौकटीत विशेष. गाळणीचा स्वच्छ दाब ०.७ होता, तो १.१ झाला की बॅकवॉश. सुरुवातीला काही तासांतच होत होता, पुढे दिवसातून एकदा. बॅकवॉश काचेतून पाणी निवळ दिसेपर्यंत, तीन ते पाच मिनिटं, आणि मग मिनिटभर रिन्स, म्हणजे पाणी नेहमीच्या दिशेने वाळूतून काढून वेस्टला सोडणं. रिन्स टाळला तर टाकीत उसळलेला मळ पहिल्या मिनिटात थेट पुलात येतो. बॅकवॉशनंतर रिटर्नमधून ढग आला असं ऐकलं की कारण ठरलेलं असतं. दाब चढलेला नसताना रोज सवयीने बॅकवॉश करणंही चुकीचं. थोडी मळलेली वाळू कोऱ्या वाळूपेक्षा बारीक गाळते.

क्लोरीन कधी उतरू द्यायचा, याची कसोटी डोळ्यांनी होत नाही. अंधार पडल्यावर मोजायचं, सूर्य उगवायच्या आत पुन्हा मोजायचं. रात्रीत १ पीपीएमपेक्षा जास्त घटला तर पाण्यात अजून खाणारं काही जिवंत आहे. घट एकाच्या आत आली आणि बांधलेला क्लोरीन ०.५ च्या खाली गेला, तेव्हा डोस थांबवला.

आता ड्रेनची जाळी दिसत होती, पण धुक्याआडून. वाळूची गाळणी साधारण २० मायक्रॉनपर्यंतचेच कण धरते. त्याहून बारीक कण फिरतच राहतात. इथे, आणि इथेच, तुरटीची पाळी आली. माठात तुरटी फिरवतात तेच इथे मापाने करायचं: हजार लिटरला १५ ग्रॅम, म्हणजे या पुलाला सुमारे १.९ किलो. कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून, काठाकाठाने पसरून, मल्टिपोर्ट रिसर्क्युलेटवर (वाळू टाळून पाणी नुसतं फिरवायच्या खुणेवर) ठेवून दोन तास फिरवलं, आणि मग रात्रभर पंप बंद. पीएच ७.२ ते ७.४ मध्येच तुरटीचा कापसासारखा पुंजका नीट बनतो. ८ च्या वर ॲल्युमिनियम पाण्यातच राहतं आणि नंतर पुन्हा धूसरपणा येतो. लोकांची तुरटी फुकट जाते ती यामुळे. सकाळी तळावर करड्या साक्याचा मऊ थर बसलेला होता आणि वरचं पाणी नितळ. व्हॅक्यूमचं तोंड अगदी संथ ओढत, मल्टिपोर्ट वेस्टवर ठेवून तो बाहेर काढला. हा साका फिल्टरमधून ओढायचा मोह आवरावा, तो चिकट असतो आणि वाळूचा वरचा थर काही मिनिटांत सील होतो. पातळी आठ सेंटिमीटर उतरली, म्हणजे ८,४०० लिटर. त्याची सोय आधीच करून ठेवावी. काम भरभर केलं तर साका उठतो आणि आणखी एक रात्र जाते.

तुरटी ही एकदाची मोठी सफाई. रोजच्यासाठी पॉलिॲल्युमिनियम क्लोराइडची बारीक धार, फिल्टरच्या आधी, डोसिंग पंपाने: घनमीटरला ०.१ मिलिलिटर. ताशी २१ घनमीटरला दोन मिलिलिटर, दिवसभरात पन्नासच्या आत. हातावर चिमूटभर वाटावं एवढंच. कपभर एकदम ओतलं तर फायदा होत नाही, उलट तेच पुलात पुंजके होऊन तरंगतं. त्याचा इंजेक्शनचा बिंदू क्लोरीनच्या बिंदूपासून लांब ठेवला.

पूल उघडला तो मोकळा क्लोरीन ५ वर आल्यानंतर. स्टॅबिलायझर ६० असेपर्यंत त्याच्या साडेसात टक्के, म्हणजे साडेचारच्या खाली तो जाऊ द्यायचा नाही. ट्रायक्लोरचा ड्रम बाजूला काढला. वर्षभरात बॅकवॉशच्या पाण्याबरोबर स्टॅबिलायझर चाळिसावर येईल, तसा क्लोरीनही तीनवर आणता येईल. पंपाचे तास रात्री दहा ते सकाळी अकरा आणि संध्याकाळी चार ते आठ असे सतरा, म्हणजे जवळपास तीन फेऱ्या. नोंदवहीत रोज पाचच रकाने: पीएच, मोकळा क्लोरीन, दाब, पातळी, उतरलेल्या माणसांची संख्या. अल्कलिनिटी आठवड्याला, स्टॅबिलायझर आणि कठीणता महिन्याला.

आणि मे महिन्यातल्या टँकरसाठी एक बादली. टँकर रिकामा करण्याआधी, जमलं तर आदल्या दिवशीच त्या बोअरचा नमुना मागवून, पांढऱ्या बादलीत दहा लिटर पाणी घ्यायचं आणि त्यात एक मिलिलिटर हायपो टाकून रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी तपकिरी झालं तर त्यात लोह आहे; ते पाणी थेट पुलात घेतलं की पूल चहाच्या रंगाचा होतो. पांढरट झालं तर चुना. घ्यायला हरकत नाही, पण भरता भरता ॲसिड चालू ठेवायचं, आणि भरणं स्किमरच्या तोंडाशी, पंप फिल्टरवर चालू ठेवूनच करायचं.